दोन माश्यांचं औषध

मधमाशी चावली तर कडूबाई मरू शकते, हे वाक्य मी आमच्या गावात शंभर वेळा तरी बोलले असेन, आणि शंभर वेळा लोक हसले. मी गावची आशा कार्यकर्ती, संध्या. लोकांच्या हसण्याचं मला आता काही वाटेनासं झालंय. रक्त तपासून घ्या म्हटलं की हसतात, गोळ्या अर्ध्यावर सोडू नका म्हटलं की हसतात. पण माशीचं पटवणं सगळ्यांत अवघड. इथं प्रत्येकाला कधी ना कधी माशी चावलेली असते आणि तो माणूस समोर धडधाकट उभा राहून तंबाखू मळत असतो. त्याला काय पुरावा देणार? पुरावा म्हणून कडूबाईकडं बोट दाखवावं, तर ती मुकाट भांडी घासत बसलेली.

कडूबाई पन्नाशीला टेकलेली, अंगानं काटक, बोलायला कमी. तिच्या आईची आधीची तीन लेकरं गेली होती, म्हणून ही तरी राहावी यासाठी तिचं नाव कडू ठेवलं. ती राहिली, आणि राहिली तेव्हापासून कामालाच लागली. रायभानकाकांशी लग्न होऊन आली ती थेट मेंढरांमागं. दिवाळी झाली की गाव सोडायचं, गोदावरीच्या काठाकाठानं शहागडच्याही खाली जायचं, आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याला खत मिळायचं आणि यांना दाणे. कडूबाईनं उघड्यावर चूल मांडून वीस वर्षं भाकरी केल्या. मुलगा पप्पूसुद्धा असाच कुणाच्या तरी बांधावर जन्मला. आता तो वाळूजला कंपनीत आहे आणि सणाला येतो.

पुढं चरायला रानं उरली नाहीत. जिथं तिथं तारेची कुंपणं आली, मोसंबीच्या बागा आल्या, आणि मेंढरं गेली. रायभानकाकांनी नऊ-दहा वर्षांपूर्वी मधमाश्या पाळायचं सरकारी ट्रेनिंग घेतलं आणि पेट्या आणल्या. दहाच्या साठ झाल्या. आमच्याकडं बियाण्याची शेती मोठी. कांद्याचं बी धरायचं तर पांढऱ्या गोंड्यांवर माश्या फिराव्याच लागतात, नाहीतर गोंडे पोकळ राहतात. म्हणून माघ-फाल्गुनात शेतकरी काकांना शोधत यायचे. कांदा झाला की डाळिंब, मग कुठं सूर्यफूल. "आधी रानात मेंढरं बसवत व्हतो, आता पेट्या बसवून राह्यलो," असं काका भेटेल त्याला सांगायचे. या माणसाला चार भिंतींत राहणं कधी मानवलंच नाही, आणि पेट्यांनी त्यांना पुन्हा रान दिलं होतं. ते कडूबाईला ठाऊक होतं. पेट्यांना साखरेचं पाणी ठेवणं, जुनी मेणाची पोळी वितळवणं, आणि रोज संध्याकाळी काकांचे मध-मेण लागलेले कपडे दगडावर आपटून धुणं, हे तिच्याकडं.

पहिली माशी तिला त्या कपड्यांतच चावली. शर्टाच्या घडीत अडकून आली होती. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. शेजारणीनं चुना लावला, लोखंड घासलं, रात्रीतून उतरलं. दुसरी चावली तेव्हा ती धुण्याच्या दगडावरच आडवी झाली. मी पोहोचले तेव्हा तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि डोळे उघडे असून ती बघत नव्हती. बदनापूरच्या दवाखान्यात वेळेत इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून संभाजीनगरला पाठवलं, ऍलर्जीच्या डॉक्टरांकडं.

त्या डॉक्टर म्हणजे तृप्ती मॅडम. वयानं लहान, पण घाई नसलेल्या. त्यांनी रक्त तपासलं, हातावर थेंब टाकून टोचून बघितलं आणि मग विचारलं, "माश्यांवर काम करून आलेले कपडे घरात कोण धुतं?"

काका म्हणाले, "हीच धुते. दुसरं कोण?"

मॅडमनी समजावलं. पेटी उघडणाऱ्याला रोज डंख बसतात, त्याचं अंग सरावतं. घरातल्या बाईला मात्र कपड्यांवर वाळलेलं विष थोडंथोडं हातातून, नाकातून जात राहतं आणि मधूनच एखादा डंख बसतो. काहींचं अंग त्यानं सरावायच्या ऐवजी बिथरतं. पुढचा डंख कसा जाईल ते सांगता येणार नाही. मी काकांच्या तोंडाकडं बघत होते. सात वर्षं आपण बायकोला शर्टातून विष आणून देत होतो, हे कळल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते मी तेव्हा बघितलं. मला त्यांची दया आली, आणि रागही आला.

उपाय एक होता. माशीचंच विष औषध म्हणून टोचायचं. आधी इतकं पातळ की अंगाला पत्ता लागू नये, मग दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं, असं करत अंगाला त्याची ओळख पटवायची. पुऱ्या डोसावर पोहोचलं की महिन्याला एक. असं तीन ते पाच वर्षं. "पेट्या विकल्या तरी हे घेतलेलं बरं," मॅडम म्हणाल्या, "कारण माशी तुमच्या पेटीतली आहे की बांधावरची, ते शरीर बघत नाही. पण पेट्या ठेवायच्या असतील तर हे घ्यावंच लागेल."

काका जमिनीकडं बघत राहिले. पेट्या सोडतो असं ते म्हणाले नाहीत. कडूबाईनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "टोचून घेते मी."

त्या दिवसापासून आमचे मंगळवार गेले. सकाळी बदनापूर स्टेशनावरून संभाजीनगरची पॅसेंजर धरायची, दवाखान्यात नंबर लावायचा. मॅडम दर वेळी तेच प्रश्न विचारायच्या. ताप आहे का, सर्दी-खोकला आहे का, दम लागतो का, कुणाची बीपीची गोळी वगैरे घेतली का. मग दंडात सुई, आणि त्यानंतर तासभर बाकावर बसून राहायचं, कारण काही झालं तर ते तिथंच झालेलं बरं. एकदा झालंही. नवव्या का दहाव्या सुईला तिच्या तळहातांना खाज सुटली आणि घसा दाटला. मॅडमनी लगेच औषध दिलं आणि पुढच्या वेळी डोस दोन पायऱ्या खाली आणला. म्हणजे दोन आठवडे वाया. परत येताना कडूबाई गाडीत दंड धरून बसली होती, दंड कोपरापर्यंत सुजला होता, आणि घरी गेल्यावर तिनं त्याच हातानं भाकरी थापल्या. मी म्हटलं, काका, आज बाहेरून काहीतरी आणा. ते म्हणाले, "तिला बाहेरचं चालत न्हाई." चालत नाही की कुणी कधी आणलंच नाही, ते मी विचारलं नाही.

कपड्यांचंही तसंच. कपडे काकांनी स्वतः, वेगळ्या बादलीत धुवायचे, असं मॅडमनी बजावलं होतं. दोन आठवडे त्यांनी धुतले. तिसऱ्या आठवड्यात मी गेले तर कडूबाई रबरी हातमोजे घालून दगडावर बसलेली. "त्यायच्या हातानं मळ निघत न्हाई," ती म्हणाली. मी दोघांनाही बोल बोल बोलले. काकांनी मान डोलावली, तिनंही डोलावली, आणि हातमोजे तेवढे नवीन आले.

मॅडमनी आणखी एक काम शिकवलं होतं. अंग बिथरलं तर लगेच द्यायला ऍड्रेनालिनच्या काचेच्या कुप्या आणि सिरिंज घरी दिल्या, आणि मांडीत कसं टोचायचं ते काकांना दाखवलं. काकांना दोनदा दाखवावं लागलं नाही. हजार मेंढरांना टोचलेला हात होता. कुपी फोडणं, हवा काढणं, सुई सरळ धरणं, सगळं असं सहज केलं की मॅडम बघत राहिल्या. "तुम्ही तर आमच्या स्टाफपेक्षा बरे," त्या हसून म्हणाल्या. काका खूश झाले. त्या खुशीचं पुढं काय होणार होतं हे तेव्हा कुणाला कळणार?

थंडी सुरू झाली तेव्हा डोस पुरा झाला. मॅडमनी सुई काढली आणि म्हणाल्या, "मावशी, आज तुमच्या अंगात साधारण दोन माश्यांएवढं विष गेलंय, आणि तुम्ही इथं बसून चहा पिताय." कडूबाई त्या दिवशी हसली. तिला हसताना दात दिसतात हे मला तेव्हा कळलं. काकांनी तर ते वाक्य गावभर केलं. पारावर, पिठाच्या गिरणीत, जिथं जातील तिथं. दोन माश्या. बराबर दोन माश्या. पुढं वर्षभर महिन्याला एक सुई नीट चालली. माझेही मंगळवार मला परत मिळाले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मी थकले होते.

मग गेल्या पौषात दवाखान्यातून फोन आला की औषधाची कुपी आली नाही. ते औषध परदेशातून येतं, खेप कुठंतरी अडकली होती. मॅडम म्हणाल्या, थोडं लांबलं तरी चालेल, पण तोवर पेट्यांपासून लांब राहा, ऍड्रेनालिनच्या कुप्या जवळ ठेवा. पाच आठवडे झाले, सात झाले. मी दोनदा फोन करून विचारलं. तिसऱ्यांदा करायचा होता, पण सर्व्हे आला, त्यामागून लसीकरण आलं, आणि राहून गेलं. इकडं कांद्याला गोंडे आले. रानं पांढरी झाली आणि काकांना बोलावणी सुरू झाली. पेट्या हलवायच्या म्हणजे चार हात लागतात, आणि चारातले दोन कडूबाईचे. ती दहाव्या आठवड्यात रानात जायला लागली, तोंडाला जाळी बांधून.

एक दिवस मी अंगणवाडीत रजिस्टर भरत बसले होते. काकांचा फोन आला. "ताई, मॅडम दोन माश्याच म्हणल्या व्हत्या ना?"

"हो, दोन माश्याच म्हणाल्या होत्या," मी म्हटलं. कशासाठी विचारताय, एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. रजिस्टरमधली बेरीज चुकत होती आणि माझं लक्ष तिच्यात होतं. या गोष्टीत मी जिथं जिथं दुसऱ्याला नावं ठेवली आहेत, तिथं तिथं हा फोनही धरावा.

त्यांनी काय केलं ते समजायला मेंढपाळाचं घर माहीत पाहिजे. मेंढरांत देवी यायची तेव्हा सरकारी लस रानात कुठून पोहोचणार? मग काकांचे वडील हलकी देवी आलेलं मेंढरू बघायचे, त्याची खपली घ्यायचे, आणि धडधाकट मेंढरांच्या कानाला ओरखडा काढून त्यात घासायचे. कान सुजायचा, दोन दिवस मेंढरू मलूल पडायचं, आणि कळप वाचायचा. काही मेंढरं जायचीही, पण कळपात ते धरलेलंच असायचं. काकांच्या लेखी मॅडमचं औषध हे त्यातलंच होतं. रोगाचंच थोडं देऊन रोग थांबवायचा. औषध परदेशातून येतंय आणि येत नाहीये, आणि इथं अंगणात-रानात साठ पेट्या त्याच विषानं भरलेल्या. दोन माश्या म्हणजे एक डोस, हे खुद्द मॅडमच्या तोंडचं. त्यात त्यांना कुठं चूक दिसणार होती?

त्यांनी कडूबाईला विचारलं. हे मला तिनंच नंतर सांगितलं. दुपारी जेवून झाल्यावर ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "हे बघ, आपल्या हातानं देऊ का? तू म्हणशीन तर." तिला त्या दिवशी खोकला होता. दोन रात्री झोप नव्हती. पण मॅडमचे प्रश्न विचारायला तिथं कुणी नव्हतं, आणि तिलाही ते आठवले नाहीत. तिला एवढंच दिसलं की पुन्हा गाडी नाही, नंबर नाही, तासभर बाक नाही. ती म्हणाली, "द्या."

काकांनी पेटीच्या तोंडाशी बोटांच्या चिमटीत एक माशी धरली, तिच्या दंडावर टेकवली, मग दुसरी. कुपी आणि सिरिंज शेजारी फडक्यावर मांडून ठेवली होती, तेवढं त्यांनी बराबर केलं. दहा मिनिटं काही झालं नाही. काका म्हणाले, बघ. मग ती म्हणाली, पोटात कसंतरी होतंय.

माझा फोन वाजला. "ताई, जल्दी या. कडूला कसंतरी व्हऊन राह्यलं. म्या सुई देल्ती, तरी तिचा दम भरून राह्यला." मी धावत जाता जाता एकशे आठला फोन लावला. ती ओसरीत पडली होती. चेहरा ओळखू येत नव्हता, ओठ निळे. बाजूला फुटलेली कुपी होती. काका तिचे पाय मांडीवर उंच धरून बसले होते, मॅडमनी शिकवलं होतं तसेच. मी घड्याळ बघितलं, पाच मिनिटं होऊन गेली होती, दुसरी कुपी फोडली आणि दुसऱ्या मांडीत दिली. माझ्या कामात सुया देणं बसत नाही. त्या वेळी मला कुणी तो नियम दाखवला असता तर मी त्यालाच ती सुई टोचली असती.

गाडी आली. बदनापूरला सलाईन लागलं, तिथून तिला संभाजीनगरला हलवलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. आवाज बसला होता, अंगात त्राण नव्हतं, पण ती जिवंत होती.

तृप्ती मॅडम आल्या. मला वाटलं त्या ओरडतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि काकांना म्हणाल्या, "मी सांगितलं ते तुम्हाला समजावं म्हणून सांगितलं होतं, काका. करावं म्हणून नाही. मी देते ते औषध मोजलेलं असतं. कुठली माशी किती सोडेल ते माशीला पण माहीत नसतं. आणि खंड पडल्यावर मीसुद्धा एकदम पुरा डोस देत नाही. काहींचं शरीर एवढा खंड सोसतं. मावशींचं नाही सोसलं." मग म्हणाल्या, "माझंही चुकलं. असं सोपं करून सांगायला नको होतं." औषधाची कुपी त्याच आठवड्यात येऊन पडली होती. पण आता डोस चढवणं सगळं जवळपास पहिल्यापासून करावं लागणार होतं. पुन्हा दर मंगळवार, पुन्हा पातळ कुपी. हे ऐकून कडूबाईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं तिला झोप लागली.

काका त्याच संध्याकाळी गावाकडं गेले, घर बघून येतो म्हणून. दोन दिवसांनी मी कडूबाईला घेऊन आले. जीपमधून उतरताना तिनं माझा खांदा धरला होता. अंगणात तिनं पाय टाकला आणि तिथंच थांबली. पेट्यांच्या जागी नुसत्या विटा होत्या. साठ पेट्यांच्या खालच्या विटा, ओळीनं, आणि त्यांच्यामधली पिवळी पडलेली जमीन. काकांचा चुलतभाऊ तातेराव शहागडला असतो. तोही माश्या पाळतो. काकांनी आदल्या दिवशी अंधार पडल्यावर, माश्या आत आल्यावर, त्याची गाडी बोलावून अंगणातल्या आणि रानातल्या सगळ्या पेट्या देऊन टाकल्या होत्या.

काका ओसरीतून पुढं आले. त्यांच्या तोंडावर असं होतं की आता तरी ही काहीतरी बरं बोलेल. "देल्या," ते म्हणाले. "आता घरात एक माशी न्हाई. तू बिलकुल भेऊ नको."

ती विटांकडंच बघत होती. "मला इचारलं का?"

"इचारायचं काय त्यात? तुझ्यापायीच देल्या."

"दीड वरीस मी कशापायी टोचून घेतलं?" ती म्हणाली. आवाज अजून बसलेलाच होता, ऐकायला जवळ जावं लागत होतं. "पेट्या राहाव्या म्हणून घेतलं. तुमी घरात बसून मरताल म्हणून घेतलं. मंग ते समदं कुठं गेलं?"

काका जे बोलले ते रागानं नाही, अगदी रडवेले होऊन बोलले. "मागल्या टायमाला तुला इचारून केलं. काय झालं मंग? म्हणून ह्या बारीला न्हाई इचारलं."

"मेंढरं इकली तवा तर मी माहेरी गेल्ती," ती म्हणाली. "आल्यावर मेंढरं कोंडायचा वाडगा नुसता रिकामा दिसला. तवाबी तुमी म्हणले, तुझ्यापायीच इकली, तुझे पाय दुखत्यात. म्या कवा म्हणलं व्हतं, पाय दुखत्यात?"

ती घरात गेली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. काका बाहेर विटा गोळा करत बसले. एकावर एक रचत होते आणि त्यांचे डोळे गळत होते. मी बाईमाणूस, मला कडूबाईचं खरं वाटत होतं. पण त्या माणसाचंही काही खोटं नव्हतं. तो भ्यालेला होता. त्यानं आपल्या हातानं बायकोला जवळजवळ मारलं होतं आणि आपल्याच हातानं वाचवलं होतं, आणि आता त्या हातांनी काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. मी घरी आले. मलाही घर होतं, स्वयंपाक व्हायचा होता.

मंगळवारी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. गावात तर सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पेट्या गेल्या, आता सुया कशाला? शेजारणी तिला तेच सांगून गेल्या होत्या. पण मी स्टेशनावर पोहोचले तेव्हा ती आधीच बाकावर बसली होती, फाइल मांडीवर. ती फाइल दीड वर्ष काकांच्या पिशवीत असायची. काका दिसले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाली, "येतो म्हणत व्हते. म्या म्हणलं, तुमी ऱ्हावा." गाडीत ती बाहेर बघत राहिली. रुळांच्या कडेनं कुणाकुणाचे कांद्याचे प्लॉट पांढरे झाले होते, आणि बांधांवर दुसऱ्या कुणाच्या पेट्या होत्या.

दवाखान्यात मॅडमनी तिला तपासलं. ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का, सगळं विचारलं. पातळ कुपी ट्रेमध्ये तयार होती. पण मॅडमनी सिरिंज घेतली नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, आता तुमच्या घरी पेट्या नाहीत. धोका कमी झालाय, गेला नाहीये. माझं मत विचाराल तर घ्या. पण पहिल्यापासून आहे, परत तीन ते पाच वर्षं आहेत. एवढं भोगून झाल्यावर कुणी नको म्हणालं तर मी त्याला नाव ठेवणार नाही. तुम्ही सांगा."

कडूबाईनं सवयीनं शेजारी बघितलं. जिथं काका बसायचे तिथं मी होते. मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, पण मी जीभ दाताखाली धरली.

"त्यायला फोन करून इचारायचं का?" मॅडम तिच्याच बोलीत म्हणाल्या.

"न्हाई." मग तिनं पदर खांद्यावरून मागं घेतला आणि बाही वर सरकवली. दंडावर दोन काळपट डाग अजून होते.

"लई थकले मी, मॅडम," ती म्हणाली. "पण मला जगायचंय. टोचा."